राखणदाराला सुट्टी नव्हती

आमच्या धंद्यात एक छोटा प्रोग्राम असतो. तो स्वतः काही बनवत नाही, नुसता बघत बसतो. एखादी फाईल बदलून सेव्ह झाली की उठतो आणि सांगून ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक चालवतो. आधी तपासणी, मग जुळणी, मग चाचणीच्या मशीनवर नक्कल. माणसानं दर वेळी तेच ते टाईप करत बसू नये म्हणून ही सोय. आम्ही त्याला राखणदार म्हणायचो. ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पाखरं हाकणारा असतो, तसा.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. मी कर्जतकडच्या कोरडवाहू गावातून भिंगारला आलेला, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करता करता प्रोग्राम लिहायला शिकलेला. तो नगरचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. भिंगारच्या बाजारातल्या एका खोलीत बसून आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम बनवला. शेतकरी दूध घालतो, मशीन फॅट मोजतं, त्यावर भाव ठरतो, आमचा प्रोग्राम पावती छापतो. श्रीगोंद्याकडच्या एका संस्थेनं तो पहिल्यांदा घेतला आणि तिच्याकडे बघून आसपासच्या गावांनी घेतला. ती संस्था सुटली असती तर मागची सगळी गावं सुटली असती.

राखणदाराला चौथी आज्ञा भागीदारानं जोडली. तपासणी ठीक झाली तर बदल सरळ गावोगावच्या केंद्रांवर पाठवायचा. मी म्हणालो, पाठवण्याआधी त्यानं विचारायला हवं. हो की नाही, एवढंच. भागीदार म्हणाला, "मग राखणदार कशाला ठेवायचा, तूच बस माळ्यावर." बरीच घासाघीस झाली. शेवटी मी तो प्रश्न सोडला आणि बदल्यात गावोगाव फिरून मशीन बघायचं काम त्याच्या गळ्यात घातलं. सौदा म्हणून वाईट नव्हता. पण पदवी त्याची होती, धोका त्यानं ओळखायचा होता. हे मी तेव्हापासून म्हणतोय आणि अजून म्हणतो.

खंडेनवमीला आम्ही कॉम्प्युटर पूजतो. गावी पाभर, कुळव, कोयता धुऊन मांडतात, इथं आमची अवजारं ही. त्या वर्षी भागीदाराची आई पूजेला आली. माझ्यासमोर पावतीच्या नमुन्याची फाईल उघडी होती, कारण संस्थेला वरचं नाव जरा खाली हवं होतं. मी कॉम्प्युटर बंद करायला गेलो तर त्या म्हणाल्या, "राहू दे चालू. दिवा विझवून देवाची आरती करतात का?"

मी हात मागे घेतला. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, पडद्यावर झेंडूची जाड माळ सोडली आणि नारळ कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यावर, भिंतीला टेकवून ठेवला. "उद्या पूजा उतरेपर्यंत कुणी शिवायचं नाही," म्हणाल्या. त्याच कोपऱ्यात नवी ओळ पाडायचं बटण असतं. माळेमुळं पडदा दिसत नव्हता. आम्ही प्रसाद खाल्ला आणि कुलूप लावून निघालो.

नारळ बटणावर बसून राहिला. पावतीच्या नमुन्यात कोऱ्या ओळी पडत गेल्या. वीज कधीही जाते म्हणून लिहिलेलं आपोआप सेव्ह व्हायची सोय होतीच. फाईल बदलली की राखणदार उठायचा, तपासायचा आणि पाठवायचा. कोरी ओळ म्हणजे काही चूक नव्हे, त्यामुळं तपासणीला खोट सापडली नाही.

संध्याकाळच्या दुधाला संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"पाव्हणं, तुमचं मशीन कोरा कागुद वकतंय."

"म्हणजे काय, तात्या?"

"म्हंजी वर नाव येतंय आन मग नुसता कागुद. फॅटचा आकडा बघायला ओट्याच्या खाली उतरावं लागतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "धोतराला हुईल म्हणावं." चारजण हसले. तात्या हसले नाहीत. "गुंडाळ्या संपल्या," ते म्हणाले. "आता हातानं लिव्हू का?"

त्यांचा आवाज का पडला ते मला कळलं. मशीन यायच्या आधी तात्याच फॅट हातानं लिहायचे, आणि भावकीच्या दुधाला आकडा चढवतात असं गाव तोंडावर म्हणायचं. ते थांबावं म्हणून तर त्यांनी मशीन आणलं होतं.

मी गाडी काढून बाजारातल्या खोलीवर आलो, नारळ उचलला, ओळी पुसल्या, सेव्ह केलं. राखणदारानं दुरुस्ती लगेच गावोगाव पाठवली. तेवढं त्यानं चोख केलं. पण छापायला तिथं कागद उरला नव्हता. निम्म्या लोकांनी दूध परत नेलं. राहिलेल्यांचं तात्यांनी हातानं लिहिलं आणि जुनी बोलणी नव्यानं ऐकली.

दसऱ्याला आम्ही दोघं श्रीगोंद्याकडे गेलो. ओट्यावर माणसं होती. मी तोंड उघडायच्या आत भागीदार म्हणाला, "फाईल यांनी उघडी ठेवली होती."

"आणि नारळ?" मी म्हणालो.

"नारळ आईनं ठेवला. आईला काय बोलणार?"

"आईला नाही, तुला बोलतोय. विचारायचं नको कोण म्हणालं?"

"तूच सोडलंस, गावं फिरायला नको म्हणून."

चारचौघांत. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तात्यांनी दोघांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या, आन गप ऱ्हावा. मशीन ऱ्हाईल. पर हितनं फुडं काय बी धाडायचं असंल तर आधी मला फोन. मी व्हय म्हणलो तरच."

मी सवयीनं घासाघीस सुरू केली. बारीकसारीक बदलाला फोन कशाला, मेसेज करतो.

"मला मेसेज वाचाय येत न्हाई, चष्मा लागतो."

"मग तुमच्या मुलाला फोन करतो."

"शिव्या त्यानं न्हाई खाल्ल्या."

मी फोन कबूल केला. तात्या पुढं म्हणाले, "आन फोन तुमी करायचा. ह्यो साहेब लई ग्वाड बोलतो, मी उगंच व्हय म्हणून बसंन. तुमच्या बोलन्यावर मानूस आपसूक दोनदा इच्यार करतो."

लोक हसले. भागीदारही हसला, ते मी विसरलेलो नाही.

संस्था राहिली, गावं राहिली. भागीदार गावोगाव फिरतो, ओट्याओट्यावर चहा पितो, लोक त्याला थांबवून घेतात. जे काम मी शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात घातलं, त्यात तो जाडजूड झालाय. मी खोलीत असतो. एक अक्षर बदललं तरी राखणदार उठतो, तपासतो, जुळवतो, आणि शेवटी पडद्यावर विचारतो, पाठवू का? मी फोन लावतो.

"थांबा," तात्या म्हणतात, "धार काढतोय."

फोन चालूच असतो. बादलीत धार पडल्याचा आवाज येतो, म्हशीला दिलेली शिवी येते. मग कुठलं अक्षर बदललं, का बदललं, आधीचं काय वाईट होतं, हे सगळं मला सांगावं लागतं. कधी व्हय म्हणतात, कधी म्हणतात सकाळच्या दुधानंतर बघू. माझा आवाज चढायला लागतो आणि मी तो गिळतो. अशा वेळी पडद्यावरचा प्रश्न तसाच ठेवून मी खाली बाजारात जातो, आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून उगाच भांडून येतो.