जीपच्या हेडसाठी गोंदियाला

लोक प्रवासाहून पेढे आणतात, साड्या आणतात, फार तर देवाचा अंगारा आणतात. मी वर्ध्याहून गोंदियाला निघाले ती जुन्या जीपचं हेड आणायला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं लोखंडी झाकण. आमच्या जीपचं ऊन तापायला लागताच तडकलं, आणि त्या जातीचं नवं आता कुठेच मिळत नाही. मिस्त्री म्हणाला, "ताई, गोंदियाच्या भंगारात मिळून जाईल. तिकडं काळ्या-पिवळ्या जीपा फार होत्या."

जीप दादाची. तीस वर्षं त्याने ती काळी-पिवळी म्हणून भाड्याने चालवली. जानेवारीत त्याची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, रोज व्यायामाला आणा, हात यायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच येईल. जीप चालू होती तोवर मी चालवायची आणि तो शेजारी बसून माझ्या गिअर टाकण्यावर डोळे वटारायचा. जीप बंद पडली तसा तोही घरात बसला. ऑटो दाराशी आणला, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला कोणी भरायचं नाही." वहिनी नाहीत, मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही हट्टी. असे नऊ दिवस वाया गेले होते.

गोंदियाला उतरले तेव्हा अकरा वाजले होते. माझा उत्साह भंडारा रोडलाच संपला होता. स्टेशनबाहेर तर्री-पोहे (वरून चण्याचा झणझणीत रस्सा) खाल्ले आणि पत्ता विचारत निघाले. पहिल्या भंगारवाल्याने मॉडेलचं नाव ऐकून हात जोडले. "वो तो हमारे दादा-परदादा के जमाने का है, मॅडम."

दुसरं आवार रफीकभाईंचं. तेलाने काळी झालेली माती, एकावर एक रचलेली दारं, तारेला टांगलेली स्टिअरिंगं. रफीकभाई एका मोटारीच्या उखडलेल्या सीटवर बसून चहा पीत होते. माझं ऐकून ते उठले आणि कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. खाली हेड होतं. अगदी आमचंच.

"एक ही पीस है, बाई. पाहून घ्या. तडा नाही."

मला ते उचलून पोटाशी धरावंसं वाटलं. पण आईची शिकवण आड आली. दुकानात साडी आवडली की फडकं पाहिल्यासारखं तोंड करायचं, म्हणजे भाव उतरतो. तसंच तोंड करून मी म्हणाले, "बघू. तशी काही घाई नाही."

"घाई नाही?"

"नाही हो. जीप नुसती पडूनच असते."

त्यांनी मान हलवली आणि पोतं परत ओढलं. मी सावकाश निघाले. कापडवाले पाठीमागून हाक मारतात, तशी हाक येईल म्हणून फाटकाशी थोडी थांबलेसुद्धा. हाक आली नाही. मग उगाच आणखी तीन आवारं पालथी घातली. तिसऱ्यात चपलेचा अंगठा तुटला. पाय ओढत लॉजवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणतील त्या भावात घ्यायचं ठरवून पोचले. पोत्याखाली काही नव्हतं.

"काल संध्याकाळी गेलं," रफीकभाई म्हणाले. "तिरोड्याकडचा शेतकरी आला होता. पाण्याचं इंजिन बंद पडून त्याचा धान वाळून राहिला होता."

"अहो, पण आधी मी आले होते."

"तुम्हीच म्हटलं न, घाई नाही? आमच्या धंद्यात ज्याचं अडलं त्याला पहिले. म्हणूनच तं परत विचारलं तुम्हाला."

तेव्हा कुठे मी दादाचं सांगितलं. ते खिशात पेन चाचपायला लागले. "हे काल काऊन नाही सांगतलं, बाई? मी उचलून दिलं असतं." मग त्यांनीच शेतकऱ्याचं नाव-गाव लिहून दिलं.

तिरोड्यापर्यंत एसटी, पुढे बोदलकसा तलावाच्या बाजूला ऑटो. सगळं रान करपलेलं, आणि मधेच उन्हाळी धानाचा ओला हिरवा तुकडा. बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठावर लोखंडी चौकटीवर जीपचं नुसतं इंजिन बसवलेलं होतं. चाकं नाहीत, सीट नाही, पण आवाज तोच. ते पाणी ओढून बांधीत (बांध घातलेल्या वावरात) सोडत होतं. मला रडू आलं.

"कोनाकडे आल्या जी?" इंजिनाजवळच्या शेतकऱ्याने विचारलं. हेच भाऊराव. मी या वेळी काहीही राखून ठेवलं नाही. ऐकता ऐकता ते खाली बसले. त्यांच्या बायकोने मला घरी नेऊन भात आणि मासळीचा रस्सा वाढला. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

जेवणानंतर भाऊराव म्हणाले, "धान निसवून राहिला हाये (लोंब्या बाहेर पडताहेत). आता इंजिन खोललं तं सारा पोचट होते. पंधरा दिस पानी पायजे. मंग हेड मी सोता वर्ध्याले आनून देतो."

आणखी रडले असते, तर त्या माणसाने कदाचित तेव्हाच पाना हातात घेतला असता. मी बांधीकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. राग फक्त माझा मलाच येत होता. पंधरा दिवस म्हणजे दादाच्या हाताचे पंधरा दिवस.

परतीच्या गाडीत, मिळालंच नाही असं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण असल्या शहाणपणाने एकदा हात पोळले होते. घरी आल्यावर दादाला सगळं सांगितलं, माझ्या तोऱ्यासकट. तो डोळे वटारेल म्हणून मी खाली मान घालून बसले. त्याने शब्द जुळवून विचारलं, "धान... निसवला?"

"आत्ता निसवतोय."

सकाळी मी चहा ठेवत होते, तर तो उंबऱ्यावर जाऊन बसलेला. डाव्या पायात चप्पल होती, उजवी हातात धरलेली.

"ऑटो बोलव," तो म्हणाला. "पंधरा दिवसच."