यादीतला शेवटचा रकाना

त्या तपासाची आठवण झाली की आजही मान खाली जाते. कापसाचे भाव पडल्याची वर्षं होती. यवतमाळजवळच्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून कॉम्प्युटरची सगळी कामं माझ्याकडे यायची. त्यातलं फारसं कळत नाही, हे सांगायचा मला संकोच वाटे.

एका जिनिंग कारखान्याच्या मालकाने तक्रार दिली. त्यांच्याकडे कापूस घालणाऱ्या शेतकऱ्यांना बँकेच्या नावाने फोन येत होते. बोलणारा नाव, गाव, खाते क्रमांक बिनचूक सांगून ओटीपी काढून घ्यायचा. शेतकऱ्यांची यादी तिथल्या ऑपरेटर मुलीने केली होती. मी तिला तीन दिवस ठाण्यात बसवलं.

"यादी कोणाला दिली?"

"कोणालेच नाही, मॅडम. खरेदीच्या बंदोबस्तासाठी तुमच्याच शिपायाले दिलती."

"पोलिसांवर ढकलतेस?"

हवालदार हसले. "पोरगी लय हुशार हाय, मॅडम!"

मी तिला पुन्हा बाकावर बसायला सांगितलं.

चौथ्या दिवशी बोरी अरब गावचे एक शेतकरी आले. "फोनवाला म्हणे, इश्वास नसन तर तुमच्या पोलीस पाटलाले इचारा. त्यायचं नाव, नंबर, सारं बरोब्बर सांगतलं."

मी यादी पुन्हा उघडली. पोलीस पाटलांचा रकाना जिनिंगच्या यादीत नव्हताच. शिपायाने आणलेल्या यादीला शेवटी तो बंदोबस्तासाठी मी जोडला होता. ठाण्याचा प्रिंटर बंद, म्हणून नेहमीप्रमाणे मीच यादीचा पेन ड्राइव्ह समोरच्या झेरॉक्स दुकानात पाठवला होता. दुकानदाराने फाइल विकल्याचं कबूल केलं. त्याच्यामार्फत फोन करणारेही सापडले.

साहेबांनी पाठ थोपटली. यादी दुकानातून फुटली, असं मी दोषारोपपत्रात लिहिलं. दुकानात ती कोणी पाठवली, हे लिहिलं नाही. मुलीची नोकरी तोवर गेली होती. मालकांना एक फोन करायला हवा होता. केला नाही.

वर्षभराने ती चारित्र्य पडताळणीसाठी आली. शिपायाने झेरॉक्ससाठी तिचे कागद मागितले.

"राहू द्या भाऊ, मीच काढून आणतो," ती म्हणाली.

मी खिडकीतून पाहत होते. समोरचं दुकान आता दुसऱ्याचं होतं. ती तिथल्या मशीनला खेटून उभी राहिली. बिघडलेली प्रतसुद्धा तिने घडी करून पर्समध्ये ठेवली.

लोकांची माहिती कशी सांभाळायची, हे मी तिच्याकडून शिकले. तिचा अहवाल चांगला लिहिला, सही केली आणि शिपायाच्या हाती बाहेर पाठवला. तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.