पाच, चार, तीन, दोन

लॅबमधले किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठत जातात. आमच्या चंदीगडच्या लॅबमधले तर सगळे सोनवणे सरांपाशीच येऊन थांबतात. आता सांगताना जड जातं, पण सांगते.

आमचं काम ऐकायला भारी! लेसर एका पातळ फॉइलवर मारायचा, हाच आमचा 'शॉट'. त्यातून प्रोटॉन सुटतात आणि पुढचा अॅल्युमिनियमचा तुकडा पसरायच्या आत आरपार तापवतात. क्षणभर तो ना धड घन, ना धड वायू. गुरू ग्रहाच्या पोटात असावा तसा. मग उरतं फक्त भोक! सरांना निवृत्तीआधी एकच हवं होतं: कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तापलेला तुकडा. तो काही मिळत नव्हता.

*

फॉइल केसाहून पातळ. बसवताना पंखा बंद, एसी बंद, श्वाससुद्धा बेतानंच. एकदा जूनमध्ये दोन तास घाम गाळून मी ती बसवली आणि शिंकले! फॉइल फाटली. आमचे टेक्निशियन जसपालजी म्हणाले, "लो मॅडम, लेसर के बिना ही शॉट हो गया!"

सर शांत. "अगं, नाक आहे, शिंकणारच. दुसरी लाव."

*

प्रोटॉन लागले की आमच्या फिल्मवर निळा डाग उमटतो. मी पाकीट उघडून फिल्म खिडकीत ठेवल्या आणि विसरले. मे महिन्यातलं इथलं ऊन! सगळ्या निळ्याशार. सरांनी एक उचलून निरखली.

"शेवटी एकसारखं मिळालं गं. पण सूर्याला!"

*

शॉटआधी मोजणी मराठीतच, हा सरांचा नियम. जसपालजी पंजाबी ठसक्यात म्हणायचे, "पाच, चार, तीन, दोन." 'एक' फक्त सरांचा. तो ऐकला की मी बटण दाबायचे.

एकदा पाहुणे आलेले आणि ऐन वेळी सरांच्या तोंडात समोसा! लेसर चार्ज झाला की फार थांबता येत नाही. शेवटी शॉट न मारताच चार्ज सोडून दिला. पाहुण्यांनी जसपालजींना विचारलं, "एक आप ही बोल देते?" जसपालजी म्हणाले, "वो मेरा नहीं है जी."

*

गेल्या हिवाळ्यात सरांना घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनच्या पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "बीम एकसारखा पडतो ना?"

"सर, आप बस लेटे रहिए."

मी भेटायला गेले तेव्हा आवाज जवळजवळ गेला होता. घोगऱ्या स्वरात म्हणाले, "फॉइलला आपण एकच शॉट देतो गं. मला तीस!" मी हसले. बाहेर आले आणि रिक्षात बसून पंचकुल्याला घरी पोचेपर्यंत रडले.

*

सर गेले. तेराव्यानंतर पहिला शॉट लावला. फॉइल मीच बसवली, या वेळी शिंकले नाही. लेसर चार्ज झाला.

"पाच, चार, तीन, दोन."

जसपालजी थांबले. मीही थांबले. सरांच्या खुर्चीकडे कुणी बघेना.

"मॅडम, आप बोलो."

मला जमेना. चार्ज सोडून द्यायची वेळ आली तेव्हा तशीच, न बोलता, बटण दाबलं.

स्क्रीनवर चित्र आलं. तुकडा कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तापला होता. मी तीनदा तपासलं.

जसपालजी स्क्रीनजवळ आले. मग पगडीवरून हात फिरवून हळूच म्हणाले, "एक."