पुढचे सहा जन्म

माझ्या बायकोने पुढचे सहा जन्म रिकामे ठेवले आहेत. म्हणजे, त्यात मी नाही.

याला कारण कोरिया! दहिसरच्या आमच्या दोन खोल्यांत एक कोरियन मालिका महिनाभर मुक्कामाला होती. तिचा नायक आधी सेनापती असतो, मग मरतो, मग तीनशे वर्षांनी ऑफिसवाला म्हणून पुन्हा जन्मतो आणि त्याच बाईची वाट बघत बसतो. (ऑफिसचं काम कधी करतो, ते कुणी दाखवत नाही.) सुनंदा त्याच्यासाठी रडायची आणि शेजारी बसून माझी आईसुद्धा!

"झील गुणाचो आसा गो," आई पडद्यावरच्या नायकाकडे बोट दाखवत सुनेला म्हणायची. "आमच्या ह्याका कायतरी शिकव!"

"अगं, रडतेस कशाला? मी आहे ना!" मी एकदा म्हणालो.

"तेच तर," सुनंदा म्हणाली.

हे मला लागलं. "त्याला काय, वाट बघायचा पगार मिळतो!"

"तो तीनशे वर्षं थांबला. तुम्हाला मार्वेच्या जेट्टीवर पुढच्या बोटीपर्यंत थांबता आलं नाही! मला काठावर ठेवून मनोरीला गेलात."

"जागा धरायला चढलो होतो गं! बोट सुटली, त्याला मी काय करू?"

"आणि पलीकडून फोन केलात, जागा मस्त होती म्हणून!"

तेवढ्यात वटपौर्णिमा आली. सोसायटीच्या मागच्या वडाला दरवर्षी सुनंदा सात फेरे घालते आणि सात जन्म हाच नवरा मागते. मी वाणाच्या आंब्यांची पिशवी धरून उभा होतो. सुनंदाने एक फेरा घातला, नमस्कार केला आणि निघाली.

"अगं, एकच?" शेजारच्या पेडणेकरकाकू ओरडल्या.

"हा चालू आहे तेवढा. पुढचं पुढे बघू!"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. एकीने मोबाईल काढला. आई खुर्चीत बसून चक्क मान डोलावत होती! वीस वर्षांच्या संसाराची चारचौघांत अशी वाट लागली की माणसाचं डोकं चालत नाही. मी पिशवी टाकली, सुनंदाच्या हातची सुताची गुंडी हिसकावली आणि वडाभोवती सुटलो. "हाच नवरा मिळू दे! हाच नवरा!" ओरडत उरलेले सहाही फेरे घातले. सूत माझ्या चष्म्यात, काकूंच्या अंबाड्यात, थोडंफार वडालाही. मग धापा टाकत सुनंदाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी विरघळेल.

"फेरे कुणी घातले?" तिने शांतपणे विचारलं.

"मी!"

"नवरा कुणी मागितला?"

"मीच!"

"मग मिळेल हो तुम्हाला," ती म्हणाली आणि आंबे वेचायला लागली.

बायका पोट धरधरून हसल्या. मला मात्र दरदरून घाम फुटला. सहा जन्म माझ्याशी संसार! मला कसा झेपणार? सुनंदाला एकच जड जातोय, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी सोशिक आहे.