उपरण्याखालचा हात आणि तीन दुकानांची मलमं

काष्टीच्या बैलबाजारात, भरगर्दीत, माझ्या धंद्यातल्या जुन्या जोडीदारानं माझ्या हातातून आपला हात झटकन काढून घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं, तुझ्या हाताला लम्पी झालाय का काय?"

आजूबाजूचे सगळे हसले. लम्पी म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा तो रोग. त्याच्या साथीत आमचे बाजार कित्येक महिने बंद होते, त्यामुळे तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मागून एक जण ओरडला, "लांब बांधा रं याला!" दुसरा म्हणाला, "लस टोचलीय का बघा आधी, कानात बिल्ला हाय का!" पुन्हा हशा. मी तिथंच एकाची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

मी बैलांचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात. बापानं मला ना जमीन दिली ना ओळख. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजारात आणण्यापासून मी सुरुवात केली आणि स्वतःची दावण उभी केली. ही सगळी कमाई उजव्या हाताची आहे. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून बोलतात. किती बोटं धरली तो आकडा, आणि तो हजारांत की दहा हजारांत, हे जनावर बघून दोघांनाही कळतं. बाहेर उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. म्हणून तर सौदा होतो. त्या कापडाखाली माझ्या हातात कुणी हात देणार नसेल, तर मी बाजारात नुसता उभा राहून काय करू?

त्या दिवशी आम्ही दोघं एकाच शेतकऱ्याच्या खिलार खोंडांवर डोळा ठेवून होतो. माझी फजिती झाली आणि दिवस मावळायच्या आत ती जोडी माझ्या जोडीदाराच्या गाडीत चढली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. त्याला खरंच किळस आली, की त्यानं सौद्यासाठी नाटक केलं?

हाताला झालं होतं ते खरं. दोन बोटांच्या बेचक्यात आणि तिथून पुढं हाताच्या पाठीवर लाल चट्टा, वर पापुद्रे, आणि खाज अशी की बोलता बोलता माणूस गप्प व्हावा. बायको म्हणाली, "अवो, डॉक्टरला दावा."

"खाजंला डॉक्टर? दुकानात ढीगभर ट्यूबा असत्यात."

"मग आना. पर नीट सांगून आना."

नीट सांगून आणणं माझ्या स्वभावात नाही. आमच्या धंद्यात आपल्या जनावराची खोड आपण होऊन कुणी सांगत नाही. समोरच्याला काय समजतं ते आधी चाचपायचं. कर्जतच्या औषधाच्या दुकानात गेलो तेव्हा हात खिशात होता.

"मेव्हण्याला खाज सुटलीय," मी म्हणालो.

"कुठं?"

हात म्हटलं असतं तर तो माझ्या खिशाकडे बघेल असं वाटलं. "मांडीला," मी म्हणालो.

"चट्टा गोल आहे का? कडेला जास्त लाल, मधे कमी?"

"असंल की."

"घाम फार येतो का त्यांना?"

"फुकट खाणाऱ्याला कशाचा घाम!"

तो हसला आणि एक ट्यूब पुढं सरकवली. म्हणाला, यात तीन औषधं एकत्र आहेत. मी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. बैल घेताना मी त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. इथं झाकण उघडायची सोय नाही आणि पाठीवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मी विचारलं, "तिन्हीतलं एकच लागू पडलं तर बाकी दोनचं काय? त्यांचं कमी करा." तो म्हणाला, "मामा, हा बाजार नाही." पण खरं सांगतो, एका दामात तीन माल मिळाल्याचा मला आनंदच झाला होता.

आणि गुण आला! दोन-तीन दिवसांत खाज गेली, लाली उतरली. मी ट्यूब ठेवून दिली. पुढच्या आठवड्यात चट्टा परत आला आणि या वेळी मनगटापर्यंत. पुन्हा लावली, पुन्हा उतरला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा, आणि त्याची कडही आता कळेना. कातडी पातळ झाली होती, चकाकत होती. मला वाटलं, माल बनावट असणार.

एकाच दुकानदाराकडे दोनदा जाणं म्हणजे आपली गरज दाखवणं. म्हणून दुसऱ्या खेपेला मिरजगावला गेलो आणि तिथं वेगळं सांगितलं, म्हणजे दोघांची उत्तरं ताडून पाहता येतील. "बायकोचा हात फाटलाय, भांड्याच्या पावडरीनं," मी म्हणालो. त्यानं काही न विचारता पांढऱ्या, घट्ट क्रीमची डबी दिली. वास नाही, आग नाही, काही नाही. दिवसातून चार-पाच वेळा चोळायचं म्हणे.

डबी घरी आणल्यावर बायकोनं विचारलं, "कुनासाठी म्हनून घेतली?"

"तुझ्यासाठी."

"माझं नाव सांगितलं?" तिनं आपले दोन्ही हात माझ्या तोंडापुढं धरले. "हे बगा, कुटं फाटल्यात? स्वतःचं दुखनं बायकोच्या नावावर खपवाया लाज न्हाई वाटत?" मग तिनं डबी उचलली आणि आपल्या टाचांना लावायला लागली. तिच्या भेगा भरून आल्या. माझ्या एवढ्या खरेदीत कुणाचा फायदा झाला असेल तर त्या टाचांचा.

माझी मात्र पंचाईत वाढली. कर्जतवाला म्हणतो मलम, मिरजगाववाला म्हणतो ओलावा. एकाचं बरोबर तर दुसऱ्याचं चूक असलं पाहिजे. मी दोन्ही लावून पाहिली. वरून जंतुनाशकाच्या पाण्यानं हात धुतले. एक गंधकाचा साबण आणला, तोही घासला. हाताची आग आग झाली.

त्यातच बाजार आला. उजवा हात फडक्यात गुंडाळून गेलो आणि डाव्या हातानं सौदा करायचं ठरवलं. जामखेडकडचा एक म्हातारा शेतकरी बैल घ्यायला आला होता. मी उपरण्याखाली डावा हात घातला. त्यानं तो धरला, आणि लगेच सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"डावा हात? बैल इकतुयास का मयताचं सामान?"

"आजोबा, उजव्याला लागलंय."

"मग बरा झाल्यावर यी. म्या काय पळून चाललोय?"

मी चिडून म्हणालो, घ्यायचा तर घ्या, नाहीतर चालायला लागा. तो खरंच चालायला लागला. त्या दिवशी माझ्या दावणीचा एकही बैल सुटला नाही. समोरच्या दावणीवर माझा जोडीदार शेंगदाणे खात उभा होता. तो हसला की नुसतं तोंड हलवत होता, तेही लांबून कळलं नाही.

मग मी नगर गाठलं. तिथलं दुकान म्हणजे दुकान नव्हे, काचेचा महाल. आमच्या गावात जेवढी भांडी नसतील तेवढ्या बाटल्या नुसत्या तोंडाला फासायच्या. मोहरीएवढे दाणे असलेली एक, पाण्यासारखी पातळ एक, रात्रीची वेगळी, सकाळची वेगळी. पांढरा कोट घातलेली एक पोरगी काउंटरवर होती.

"त्वचेचं काहीतरी द्या," मी म्हणालो. नाटकाचा कंटाळा आला होता, पण हात खिशातच होता.

"स्किन कशी आहे? ऑइली, ड्राय, कॉम्बिनेशन?"

"माणसाची हाय."

ती हसली नाही. "सेन्सिटिव्ह आहे का? लगेच लाल होते, तापते असं?"

"लोक म्हणत्यात तसं."

"डाग आहेत की खाज? पुरळ? चेहऱ्यावर की अंगावर?"

एकेका प्रश्नाला ती एकेक वस्तू पुढं ठेवत गेली. पुटकुळ्यांचा फेसवॉश, वांगाचं क्रीम, घामोळ्याची पावडर, बुरशीचं मलम, खाज थांबवायचं गुलाबी पाणी. माझ्यापुढं रांग लागली. मी एकेक डबी उचलून ठेवत होतो आणि मला काहीही समजत नव्हतं. बाजारात शंभर जनावरांतून खोडीचं जनावर मी चालीवरून काढतो. इथं सगळी खोकी सारखीच देखणी, आणि प्रत्येकावर हसरी बाई.

माझा ताबा सुटला. "एवढं दुकानभर मांडून बसलाय, एका हाताला एक औषध मिळंना व्हय?"

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. ती पोरगीही चिडली. "काका, हात आहे हे आत्ता सांगताय? एकतर हात दाखवा, नाहीतर बाजूला व्हा, पुढच्याला येऊ द्या."

मी हात काढला आणि काचेवर ठेवला, पाचही बोटं पसरून. लखलखीत दिव्याखाली, अनोळखी माणसांपुढं. मागच्या एका बाईनं आपली पिशवी थोडी लांब घेतली.

पोरगीनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आधी काय काय लावलंय?" मी सगळं सांगितलं. या वेळी मेव्हणा नाही, बायको नाही. ती म्हणाली, "मला वाटतंय बुरशीचं आहे, पण खात्रीनं नाही सांगता येणार. ती तीन औषधांची ट्यूब लावली ना, तिच्यात स्टेरॉइड असतं. त्यानं वरून शांत होतं आणि आत पसरतं. चट्ट्याचं मूळचं रूपच जातं. आता मी काही देणार नाही. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा."

आमच्यात काही हेडी म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याचं वय लपवतात. तसा बैल पुढं आला की भलेभले फसतात, कारण जिथं बघायचं तेच पुसलेलं असतं. माझ्या हाताचं तेच झालं होतं, आणि कानस माझीच. एवढं मला तिथं उभ्या उभ्या कळलं. बाकी काही कळलं नाही.

डॉक्टरांनी पात्याच्या कडेनं हाताचा थोडा पापुद्रा खरवडून काचेवर घेतला, तपासायला पाठवला आणि विचारलं, "जनावरांत असता का?"

"जल्मभर."

"वासरांच्या तोंडाभोवती, मानेवर पांढरे खपलीचे चट्टे बघितलेत?"

बघितले होते. उन्हाळ्यात घेतलेल्या दोन वासरांना ते होते. त्याच चट्ट्यांवर बोट ठेवून मी त्यांचा भाव पाडला होता.

तपासणीत बुरशीच निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एकाच औषधाचं साधं मलम दिलं, आणि बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही असं बजावलं. टॉवेल, रुमाल वेगळा ठेवा म्हणाले. मी विचारलं, "आणि उपरणं?" त्यांना समजेना. मी सौदा कसा करतो ते सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. "म्हणजे दिवसभरात किती जणांचे हात हातात घेता?"

"घावतील तेवढ्यांचे."

"मग तुमच्याकडून त्यांनाही होऊ शकतं. काही दिवस तोंडानं भाव सांगा."

तोंडानं भाव सांगितला तर बाजार बसलाच, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. पण येताना एसटीत बसलो आणि वेगळंच डोक्यात आलं. म्हणजे जोडीदारानं हात काढून घेतला ते बरोबर होतं? बरोबर असेल तर मी एवढे दिवस कुणावर जळतोय? पण बरोबर होता म्हणून चारचौघांत ओरडायचं? कानात सांगितलं असतं तर मी काय ऐकलं नसतं? नसतंच ऐकलं बहुतेक. आणि खोंडं तर त्यानंच नेली.

हात बरा व्हायला वेळ लागला. मी गोळ्या चुकवल्या नाहीत, बायकोनं चुकवू दिल्या नाहीत. डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटल्यावर मी धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून काष्टीला गेलो. दावणीला एक देखणा बैल होता. त्याच्यापुढं येऊन उभा राहिला तो माझा जोडीदारच.

त्यानं बैलाचे दात पाहिले, पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काढ उपरनं."

"आधी एक सांग. त्या दिवशी किळस आली, का खोंडं घ्यायची हुती?"

"कवाचं काय घिऊन बसलाय? गिऱ्हाईक हाय का न्हाई म्या?"

"सांग."

"आरं हात दी की! का आता तुलाच माझी किळस?"

लोक जमायला लागले होते. मी उपरणं पसरलं. कापडाखाली त्याचा हात आला आणि त्यानं माझी तीन बोटं धरली, त्याच बेचक्यापासून. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरली. त्याचा अंगठा माझ्या हाताच्या पाठीवरून एकदा फिरला. तो तीनचा भाव करत होता, की कातडं भरून आलंय का ते चाचपत होता, मला काही केल्या उमगेना. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो बैलाकडे बघत होता.

मी त्याची चार बोटं घट्ट दाबली. त्यानं हात काढला नाही.