सिंगापुरातले सात दोरे

नेटबॉलबद्दल मला दोनच गोष्टी माहीत होत्या. चेंडू हातात आला की पळायचं नाही, आणि बास्केटच्या मागे फळी नसते. एवढ्या भांडवलावर मी पुण्याच्या सोळा वर्षांखालील मुलींच्या संघाचा मॅनेजर म्हणून सिंगापूरला गेलो. पासपोर्ट चालू असलेला आणि आठवडाभर घरात नसला तरी कोणाचं काही न अडणारा, पालकांच्या ओळखीतला मी एकटाच होतो.

मॅनेजर झाल्याबरोबर माझ्या आवाजात भारदस्तपणा आला. विमानतळाकडे निघालेल्या बसमध्ये मी जाहीर केलं, "कात्री, नेलकटर, ब्लेड, जे धारदार असेल ते पुढे करा." प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "अहो, मोठ्या बॅगेत चालतं." मी म्हणालो, "जोखीम नको." प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्रीसुद्धा पिशवीत भरून मी निरोपाला आलेल्या एका वडिलांच्या हातात दिली. ती पिशवी पुण्यात सुखरूप राहिली.

तिकडे आम्ही चार सामने हरलो. पाचवा शेवटचा, आणि हरलो तर तक्त्याच्या तळाला. पण त्या सामन्याची खरी गोष्ट वेगळीच होती. खडकवासल्याकडच्या एका गावातली मुलगी चारही सामने बाकावर बसून होती. अंगावरची जर्सी रोज रात्री धुवायची, सकाळी घडी मोडायची आणि पाणी वाटायची. तिच्या जागी खेळणाऱ्या मुलीचा घोटा जरासा दुखावला, म्हणून बाईंनी आदल्या संध्याकाळी सांगितलं, "उद्या सुरुवात तू करायचीस." ती जेवली नाही. दोनदा येऊन मला विचारून गेली, "काका, उद्या नक्की ना?"

मला वाटलं, मॅनेजर म्हणून आपणही काही केलं पाहिजे. निघण्याआधी मी संघाला कबूल केलं होतं, की कसब्यातल्या गणपतीसमोर ठेवलेले दोरे आणीन. ते आणायचे राहिले होते. बॅगेत होता कसबा पेठेतल्या दुकानातला चिवड्याचा खोका, लाल-सोनेरी नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. दोरी दिसायला अगदी देवाची होती. हॉटेलच्या टेबलावरच्या सुरीनं घासघासून मी तिचे तुकडे केले आणि सकाळी नाश्त्याला एकेकीच्या मनगटावर बांधले. गाठ मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. वर स्वतःच्या मनानं जोडून दिलं, "गणपतीचा आहे. आपल्या हातानं तोडायचा नाही, तोडला तर लागतो."

गावाकडची मुलगी म्हणाली, "काका, माझा अजून घट्ट बांधा."

बांधला.

सामन्याआधी पंच मुलींची नखं तपासतात, अंगावर दागिना वगैरे नाही ना बघतात. चार दिवस मी हे रोज पाहत होतो. फक्त त्याचा आणि दोऱ्यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. पंचबाईंनी कोर्टात उतरणाऱ्या सातजणींपैकी पहिलीचं मनगट उचललं, मग दुसरीचं, आणि मान हलवली. काढा. बाईंनी विचारलं, वर पट्टी चिकटवू का? नाही. शिट्टीला चार मिनिटं.

बाई माझ्याकडे वळल्या. "कात्री द्या, मॅनेजर."

मी प्रथमोपचाराची पेटी उघडली आणि बंद केली.

"अरे हो, ती सुखरूप आहे नाही का," असं म्हणून त्या कात्री शोधायला हॉलच्या दुसऱ्या टोकाला धावल्या. जाताना सांगून गेल्या, "जिचा निघणार नाही, तिच्या जागी दुसरी." घोटावाली तयारच होती. खाज येते म्हणून तिनं आपला दोरा सकाळीच सरकवून काढून टाकला होता. संघात देवाला न घाबरणारी तेवढी एकच.

मी मुलींना म्हणालो, "दातांनी तोडा गं."

कर्णधार म्हणाली, "काका, तुम्हीच सांगितलंत, लागतो म्हणून."

खरं सांगून टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. त्याऐवजी मी, वय वर्षं बावन्न, मॅनेजरचा बिल्ला गळ्यात, गुडघ्यांवर बसून परक्या देशात मुलींच्या मनगटावरचे दोरे दातांनी तोडू लागलो. समोरच्या संघातल्या एकीनं मोबाइल वर केला. सहा दोरे तुटले. सहाव्याबरोबर माझ्या पुढच्या दाताची कॅपही निघून कोर्टावर घरंगळत गेली.

सातवं मनगट तिचं. सगळ्यात घट्ट. मी तीनदा चावा घेतला. दाताच्या जागी नुसती फट, दोरीला काही होईना. पंचबाई घड्याळ बघत होत्या. घोटावाली उठून उभी राहिली.

"तू तोड," मी म्हणालो.

"न्हाय काका. देवाचा हाय." तिचे डोळे भरले होते, पण हात मागेच.

मग माझ्या तोंडातून निघालं ते सगळ्या संघानं ऐकलं. "अगं, देवाचा नाही तो. चिवड्याच्या खोक्याचा आहे. मी थापा मारल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. सहाही जणी बघत राहिल्या. मग तिनं मनगट दाढेखाली घेतलं, ऊस सोलावा तसा एक हिसका दिला आणि दोरी तुटली. शिट्टी झाली तेव्हा ती कोर्टात होती.

सामना आम्ही हरलो, तळाला गेलो. पण शेवटपर्यंत तिनं समोरच्या शूटरला चेंडू सुखानं घेऊ दिला नाही. सामना संपल्यावर कात्री घेऊन बाई माझ्याजवळ बसल्या. "ठेवा," म्हणाल्या, "पुढच्या वेळी लागेल."

ती मुलगी वाकून कोर्टाच्या कडेला काहीतरी शोधत होती. मला वाटलं माझी कॅप. तिनं दोरी उचलली आणि बॅगेच्या चेनला बांधली.

"अगं, चिवड्याची आहे ती," मी म्हणालो.

"आता ठाव हाय ना," ती म्हणाली. "चिवडा उरलाय का काका? काल जेवले न्हाय मी."