शेडमध्ये लागलेलं ऊन

"हीट स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे ऊन लागलंय. फार जोरात."

शोभा, माझी बायको, त्यांच्याकडे बघतच राहिली. "पण साहेब, हे उन्हात गेलेच नाहीत. सकाळपासून शेडमध्ये होते. छपराखाली."

"छप्पर कशाचं?"

"पत्र्याचं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्या काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायला लावल्या, अंगावर ओल्या चादरी टाकायला लावल्या. बुऱ्हाणपूरच्या सरकारी दवाखान्यातला हा प्रसंग मला शोभाने नंतर सांगितला. मी तेव्हा तिला ओळखत नव्हतो. कॉटवरून उठून पळायला बघत होतो म्हणे, म्हणून पट्टीने माझे हात बांधले होते.

मध्य प्रदेशातलं आमचं बुऱ्हाणपूर नुकतंच खंडव्यापासून वेगळा जिल्हा झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी पॉवरलूमवर कापड विणायचो. बाहेरचं स्वस्त कापड बाजारात उतरलं होतं आणि त्याच्याशी टक्कर द्यायची म्हणून सेठ लोक लूम थांबूच देत नसत. मजुरी मीटरवर. पाणी प्यायला थांबलं तरी आपलंच नुकसान.

शेडच्या खिडक्या मे महिन्यातही बंद असायच्या. ज्यांनी लूम पाहिलेला नाही त्यांना हे खोटं वाटेल. बाहेरचा कोरडा वारा आत आला की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या आणि जमिनीवर पाणी मारायचं. वर तापलेला पत्रा, खाली ती वाफ, मध्ये लूमच्या मोटारींची आग आणि आम्ही.

त्या दिवशी आधी पोटऱ्यांत गोळे आले. मग डोकं ठणकू लागलं. मळमळत होतं. दुपारी लक्षात आलं की बनियन कोरडं झालंय, घामच येत नाहीये. मला वाटलं, चला, अंगाला सवय झाली. तुमच्यापैकी कुणी अशा जागी काम करत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. एवढ्या उकाड्यात घाम थांबला, बोलणं असंबद्ध होऊ लागलं, तर ती सवय नसते. काम टाका, त्या माणसाला बाहेर काढा, त्याच्यावर पाणी ओता.

माझ्या बाबतीत हे रशीदचाचांनी केलं. ते शेजारच्या लूमवर होते. मी तुटलेला धागा जोडायचा सोडून भिंतीशी बोलू लागलो, मग कोसळलो. मुकादम म्हणाला, पंख्याखाली झोपवा, होईल ठीक. चाचा ओरडले, "पंखा क्या करेगा? आग फेंक रहा है पंखा! दरवाजा खोलो!" त्यांनी मला ओढत बाहेर आणलं आणि हौदातलं पाणी बादलीने माझ्यावर ओतत राहिले. डॉक्टर पुढे म्हणाले, तेवढ्यानेच तुमचा मेंदू वाचला.

मी शुद्धीवर आलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण लघवीला काळ्या चहासारखा रंग आला होता आणि दिवसभरात जेमतेम घोटभर होत होती. रक्त तपासलं. डॉक्टर शोभाला म्हणाले, "यांना जळगावला हलवा. किडनी काम करत नाहीये."

ॲम्ब्युलन्स देवीचं देऊळ असलेल्या इच्छापूरवरून गेली. शोभाने खिडकीतूनच देवीला हात जोडले. मला हात उचलवत नव्हते.

जळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, रॅब्डोमायोलिसिस. ते नीट म्हणता यायला मला कितीतरी दिवस लागले. त्यांनी सोपं करून सांगितलं, "भाऊ, अंग इतकं तापलं की तुमचे स्नायूच फुटले. त्यांचा गाळ रक्तात उतरला. किडनी म्हणजे गाळणी. ती तुंबली." मग क्रिएटिनिन. किडनीने बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठली, त्याचं हे माप. माझं रोज वाढत होतं.

मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे रक्त मशीनमध्ये न्यायचं, धुवायचं, परत अंगात सोडायचं. तोवर हलायचं नाही. मी वरच्या छताकडे बघत पडायचो. वॉर्डातल्या काचा पक्क्या होत्या. मी सिस्टरला म्हणायचो, "ताई, खिडकी उघडा ना." ती म्हणायची, "एसी आहे काका, ती उघडत नाही." आत गारवा होता तरी मला घाम फुटायचा. वाटायचं, मी शेडमधून निघालोच नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. मला पाणी बंद केलं होतं. किडनी पाणी बाहेर टाकत नसेल तर ते फुफ्फुसात चढतं, म्हणून दिवसाला मोजकंच द्यायचं. तहानेने पडलेला माणूस मी, आणि मला पाणी नाही! शोभा कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायची. एकदा मी तिच्या हातातला पेला हिसकावला. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली.

"मला डाकीण म्हणा," ती म्हणाली, "पण मी देणार नाही."

मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती, हलत होती.

एका सकाळी पिशवीत पिवळी लघवी दिसली. सिस्टरने ती डॉक्टरांना नेऊन दाखवली, एखादं बक्षीस मिळाल्यासारखी. "गाळणी उघडली, भाऊ," डॉक्टर हसत म्हणाले. घरी सोडताना मात्र ते हसले नाहीत. "अशा गरमीत आता काम नाही. पुन्हा झालं तर मी काही करू शकणार नाही."

मी विचारलं, "मग काय करू?" त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.

बुऱ्हाणपुरात मी दुसरं काय करणार? केळीच्या मळ्यात जावं तर तिथेही ऊनच. नेपानगरच्या कागद मिलमध्ये नवी भरती नव्हती. मी घरी पडून भिंतीपलीकडचे लूम ऐकायचो आणि वाटायचं, आता या खोलीतून निघून जायचं तरी कुठे?

दवाखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं, कामावर झालंय, भरपाई मागा. थोडं चालता येऊ लागल्यावर मी आणि चाचा खंडव्याला कामगार खात्याच्या साहेबांकडे गेलो. साहेब चांगले होते, त्यांनी पाणी विचारलं. मग म्हणाले, "शेड में कितने लोग?"

"आठ," चाचा म्हणाले.

"दस से कम हैं तो कानून में वो कारखाना ही नहीं है."

चाचांनी सांगितलं की शेजारच्या दोन शेड त्याच सेठच्या आहेत, एक त्याच्या मुलाच्या नावावर, एक बायकोच्या. मधे नुसती भिंत आहे. साहेबांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक असणार. मी म्हणालो, "साहेब, हात कापला असता तर?"

"तब एक्सिडेंट माना जाता. गर्मी तो सबको लगती है, भाई."

तरी त्यांनी तपासणीला येतो म्हटलं आणि ते खरंच आले. डिसेंबरात. सेठने त्यांना चहा पाजला. साहेब शेडमध्ये फिरले, म्हणाले, हवा तर ठीक आहे. त्यांच्या अंगात स्वेटर होता.

त्या दिवशी मला रडू आलं नाही, हसू आलं. चाचांना नाही आलं. ते म्हणाले, "कानून जब आएगा तब आएगा. मई तो हर साल आता है."

पुढच्या उन्हाळ्याआधी ते बुऱ्हाणपुरातल्या लालबागपर्यंतच्या शेडमधून फिरले. मला बरोबर न्यायचे. मी मानेवरचा वण दाखवायचो आणि जे झालं ते सांगायचो. मागणी एकच. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी लूम बंद, त्याऐवजी पहाटे लवकर सुरू. बरेच जण नको म्हणाले, मजुरी बुडेल म्हणून. एका सेठने चाचांना कामावरून काढलं, दुसऱ्याने ठेवून घेतलं. मग मे लागला आणि पलीकडच्या गल्लीत एक विणकर गेला. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. त्याच्या मातीवरून परतल्यावर कुणी नको म्हणालं नाही.

मी आता सुताच्या दुकानात बसतो. माझी किडनी पूर्ण पहिल्यासारखी नाही, दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. शोभाचे, चाचांचे, जळगावच्या त्या सिस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. पण उपकारावर किती माणसं जगणार? चाचा शेजारी नसते तर? दुपारची सुट्टी, गार पाणी, पत्र्याखाली अस्तर, आठ माणसांच्या शेडलाही लागू होणारा नियम, हे कायद्यातच हवं. आमच्यात ठरलं ते नुसत्या तोंडी बोलीवर, सेठच्या मर्जीने कधीही मोडेल असं.

तरी ती बोली पहिल्यांदा पाळली त्या दिवसाचं सांगतो. दुपारी मी घरी जेवत होतो. भिंतीपलीकडचे लूम एकेक करत थांबले. मग पुढच्या गल्लीतले. शोभा हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून दारात गेली. इतकी शांतता आमच्याकडे फक्त वीज गेल्यावर होते.

"लाईट गेली का हो?" तिने विचारलं.

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

"नाही," मी म्हणालो. "लाईट आहे."